चिनी दुर्मिळ अक्षरांच्या मागे लागायचंय? आधी वाटी पालथी घाला

माझ्याकडे चिनीमातीची एक वाटी आहे, पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेली, निळी-पांढरी, काठाला टवका गेलेली. घरी येऊन घासताना पालथी केली तर बुडाला निळ्या रंगात एक चौकोनी शिक्का, आत सहा अक्षरं, दिसायला भुलभुलैयासारखी. तेव्हा माझा मँडरिनचा पहिला कोर्स नुकताच झाला होता, पाचशेएक अक्षरं येत होती, म्हटलं वाचू की आरामात. एक म्हणजे एक अक्षर ओळखता आलं नाही. फोनचा कॅमेरा धरला तर ट्रान्सलेटरने काहीतरी 'दरवाजा दरवाजा शेत' असं उत्तर दिलं. नंतर कळलं की मी वाटी उलटी धरली होती, पण ते नंतर.

त्या सहा अक्षरांत माझ्या तीन संध्याकाळी गेल्या, आणि त्यातूनच हा नाद लागला. दुर्मिळ अक्षरं, त्यांची वेगवेगळी रूपं, जुन्या लिप्या, सगळंच. आता कोणी नवीन विचारलं की सुरुवात कुठून करू, तर तेच तेच सांगून कंटाळा येतो म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी एक खुलासा. या लेखात मी एकही चिनी अक्षर टाकलेलं नाही, मुद्दाम. कारण दुर्मिळ अक्षरं निम्म्या फोनवर दिसतच नाहीत, रिकामे चौकोन दिसतात, आणि मग वाचणारा म्हणतो लेखच बिघडलाय. त्यापेक्षा मी शब्दांत सांगते, तुम्ही वही-पेन घ्या आणि काढत चला. हाताने काढलं की डोळ्याला लक्षात राहतं, नुसतं बघून राहत नाही.

पायरी पहिली: फोन आणि फॉन्टचं बघून घ्या

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. ते रिकामे चौकोन असतात ना, त्यांना टोफू म्हणतात, पनीरच्या तुकड्यांसारखे दिसतात म्हणून. टोफू दिसला याचा अर्थ अक्षर अस्तित्वात नाही असा नाही, तुमच्या फॉन्टमध्ये त्याचं चित्र नाही इतकंच. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या कॉम्प्युटर-फोनच्या सामायिक अक्षरयादीत, आज एक लाखाच्या वर चिनी अक्षरं आहेत आणि एका फॉन्ट फाइलमध्ये जास्तीत जास्त ६५,५३५ आकृत्या मावतात, म्हणजे एकाच फॉन्टमध्ये सगळं बसणं शक्यच नाही. म्हणून हानाझोनो, जिगमो असे फॉन्ट दोन-तीन फाइलींत तुकडे करून येतात, सगळे तुकडे टाका. कॉम्प्युटरवर हे सोपं आहे, फोनवर झगडावं लागतं, मी तरी फोनवरचा नाद सोडून दिलाय.

आणि हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचं दुखणं नाही हं. चीनमध्ये ज्यांच्या नावात असं एखादं अक्षर असतं त्यांना बँकेत, विमानाच्या तिकिटावर वर्षानुवर्षं त्रास झालाय. म्हणून तिथल्या सरकारने कॉम्प्युटरवरच्या अक्षरांचं २०२२ चं नवीन मानक काढलं, १ ऑगस्ट २०२३ पासून लागू, त्यात ८७,८८७ चिनी अक्षरं आहेत. तुलनेला सांगते, रोजच्या वापरासाठीची त्यांची २०१३ ची सरकारी यादी आहे ८,१०५ अक्षरांची, आणि त्यातली पहिली साडेतीन हजार आली की माणूस पेपर वाचू शकतो. म्हणजे उरलेला सगळा डोंगर आपल्या खेळाचा.

पायरी दुसरी: अक्षर तोडायला शिका

नवीन माणूस दुर्मिळ अक्षर बघून आधी घाबरतो, एवढ्या रेघा! घाबरू नका. जवळजवळ प्रत्येक अक्षर छोट्या भागांचं बनलेलं असतं आणि ते भाग ओळखीचेच असतात. तीन ड्रॅगन रचलेलं एक अक्षर आहे, वर एक खाली दोन, उच्चार 'दा', अर्थ ड्रॅगन उडतानाचं रूप. ४८ रेघा! पण नीट बघितलं तर १६ रेघांचा एक ड्रॅगन तीनदा काढलाय, बास. ड्रॅगन वर्षात, २०२४ ला, चीनच्या सरकारी टीव्हीच्या नववर्षाच्या कार्यक्रमाच्या घोषवाक्यात हे अक्षर दोनदा जोडून वापरलं होतं. चार ड्रॅगनवालं पण आहे, ६४ रेघा, 'झ' सारखा काहीसा उच्चार आणि अर्थ काय, तर बडबड्या. हे मला फार आवडतं.

अशी तिहेरी अक्षरं सुरुवातीला सरावाला बेस्ट. तीन झाडं म्हणजे घनदाट रान, तीन गाड्या म्हणजे गडगडाट, तीन कान म्हणजे कुजबुज (हे आडनाव पण असतं), तीन मेंढ्या म्हणजे मटणाचा उग्र वास, तीन मासे म्हणजे ताजं. तीनदा सोनं म्हणजे भरभराट, हे दुकानांच्या पाट्यांवर भरपूर.

कोशात शोधायचं कसं? जुनी पद्धत अशी, की अक्षराचा मुख्य भाग शोधायचा, ज्याला मूलखूण म्हणूया, आणि उरलेल्या रेघा मोजायच्या. छिंग राजघराण्याच्या काळातला खांगशी कोश आला १७१६ ला, त्यात ४७,०३५ अक्षरं २१४ मूलखुणांखाली लावलीत, आणि तीच २१४ ची रचना आजही बऱ्याच ठिकाणी चालते. रेघा मोजताना नवशिक्यांची एक हमखास चूक: तोंडाचं अक्षर म्हणजे साधा चौकोन, आपण म्हणतो चार रेघा, पण मोजायच्या तीन, कारण वरची आणि उजवीकडची रेघ पेन न उचलता एकदम काढतात. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे मी कोशाच्या चुकीच्या पानांवर किती वेळ घालवलाय त्याची मोजदाद नाही.

सोपी पद्धत म्हणजे प्लेकोसारख्या चिनी शब्दकोशाच्या ॲपमध्ये बोटाने काढणे, वरून खाली, डावीकडून उजवीकडे या क्रमाने, क्रम चुकला की ॲप गोंधळू शकतं. आणि अगदी दुर्मिळ असेल तर भागांवरून शोध देणाऱ्या साइट असतात, तिथे 'पाणी' आणि 'ड्रॅगन' असे भाग टाकले की दोन्ही असलेली सगळी अक्षरं समोर येतात. ग्लिफविकी नावाची जपानी साइट पण हाताशी ठेवा, तिथे आकृती चित्र म्हणून दिसते, फॉन्ट लागत नाही.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. जास्त रेघा म्हणजे जास्त जुनं अक्षर, असं अजिबात नाही. चीनमधल्या शीआन शहरात रुंद पट्ट्यांचे नूडल्स मिळतात, 'ब्यांग ब्यांग', त्यातल्या ब्यांगचं अक्षर ५८ रेघांचं आहे, बघितलं तर वाटेल हे तर वेदकाळातलं असणार. खांगशी कोशात ते नाहीच! लोकांनी दुकानाच्या पाट्यांवर रंगवून रंगवून जगवलेलं अक्षर आहे ते, युनिकोडमध्ये आलं २०२० ला.

पायरी तिसरी: हे नक्की वेगळं अक्षर आहे का, की ओळखीचंच कोणीतरी वेष बदलून आलंय?

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. दुर्मिळ अक्षर समोर आलं की 'याचा अर्थ काय' हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न 'हे कोणाचं रूप आहे'. कारण या डोंगरातला प्रचंड मोठा हिस्सा म्हणजे नेहमीच्याच अक्षरांची दुसरी, तिसरी, दहावी रूपं. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाचा फक्त रूपभेदांचा ऑनलाइन कोश आहे, त्यात एक लाखाच्या वर नोंदी आहेत. मघाचंच घ्या, तीन मेंढ्या आणि तीन मासे, दोन्हीला रोजच्या वापरातलं दुसरं साधं अक्षर आहे, तिहेरी रूप मागे पडलं.

चिनी लेखक लू शुनच्या १९१९ च्या गोष्टीतला खोंग यीजी आठवतो, परीक्षेत कायम नापास झालेला, फाटका झगा घातलेला पढिक माणूस, दारूच्या गुत्त्यातल्या पोऱ्याला विचारतो की बडीशेपेतल्या 'हुई' अक्षराची चार रूपं असतात, माहितीये का तुला? पोऱ्या तोंड वाकडं करतो. हा नाद लागला की घरच्यांच्या नजरेत आपण खोंग यीजी होतो, ही पूर्वसूचना.

रूपं बदलतात कशी तेवढं समजून घेतलं की अर्धी ओळख तिथेच पटते. कधी भाग तेच पण जागा बदलते, 'कळप' या अक्षरात मेंढी उजवीकडे असते आणि जुन्या रूपात तीच मेंढी खाली जाऊन बसते, डोंगरमाथ्याच्या अक्षरात डोंगर कधी डावीकडे कधी डोक्यावर. कधी एक भाग बदलतो, 'पेला' लिहिताना डावीकडे लाकूड काढतात, पण दुसऱ्या रूपात लाकूड नाहीच, खाली भांडं आहे. कधी सरकारने सोपं केलेलं असतं, चीनमध्ये १९५६ पासून. त्याच्या एक वर्ष आधी तर रूपभेदांची यादीच काढून हजारावर रूपं छापखान्यातून हद्दपार केली होती, म्हणजे आज जे दुर्मिळ वाटतं ते आजोबांच्या पिढीला रोजचं असू शकतं.

आणि कधी हुकुमावरून! वू झेतियान, चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावावर सम्राटपद घेतलेली एकमेव बाई, हिने इ.स. ६९० च्या सुमारास डझनभर अक्षरं नव्याने पाडली. स्वतःच्या नावाचं अक्षर केलं, वर सूर्य-चंद्र आणि खाली पोकळ आकाश. 'देश' या अक्षराला नवीन रूप दिलं, चौकटीत आठ दिशा. ती गेल्यावर अक्षरं पण गेली, पण हे देशवालं जपानमध्ये तोकुगावा घराण्यातल्या एका सरदाराच्या नावात टिकून राहिलं, मित्सुकुनी, त्यामुळे जपानी लोक ते आजही ओळखतात. या अक्षरांचा एक फायदा बघा, एखाद्या हस्तलिखितात ती दिसली की काळाचा अंदाज लगेच बांधता येतो.

मग येतो सगळ्यात छळवादी प्रकार, अक्षर तेच, युनिकोड क्रमांक तोच, पण चीनमध्ये एक वळण आणि जपानमध्ये दुसरं. हे मराठी माणसाला समजावायला मला फार सोपं जातं. आपला 'ल' आणि 'श' आठवा, मराठी वळणाचा वेगळा आणि हिंदी वळणाचा वेगळा, पण कॉम्प्युटरला दोन्ही एकच, कुठला दिसेल ते फॉन्ट ठरवतो. तस्सं. 'हाड' या अक्षराच्या डोक्यात एक छोटा कोपरा असतो, चीनच्या मुख्य भूमीवर तो डावीकडे, तैवान-जपानमध्ये उजवीकडे. नवीन लोक याला दोन वेगळी अक्षरं समजून वहीत दोनदा लिहितात. मीही लिहिलं होतं.

आणि शेवटचा प्रकार, ध चा मा. १९७८ ला जपानने कॉम्प्युटरसाठी अक्षरांची पहिली मानक यादी केली. नंतर लक्षात आलं की त्यातली डझनभर अक्षरं कुठल्याच कोशात नाहीत, कोणी कधी वापरलेली नाहीत. लोक त्यांना भुताची अक्षरं म्हणायला लागले. १९९७ च्या सुमारास शोध घेतला तेव्हा एकाचा छडा असा लागला: शिगा प्रांतातल्या एका गावाच्या नावात वर डोंगर, खाली बाई असं अक्षर होतं. यादी करताना ते छापायला मिळेना म्हणून कोणीतरी डोंगर आणि बाई वेगवेगळे कापून कागदावर चिकटवले, त्या कागदाच्या कडेची सावली फोटोकॉपीत आडव्या रेघेसारखी उठली, आणि पुढच्याने ती रेघ इमानदारीत अक्षराचा भाग म्हणून उतरवली. डोंगर, रेघ, बाई. ते अक्षर आज जगातल्या प्रत्येक फोनच्या युनिकोडमध्ये आहे! आणि त्यातलं एक भूत असंही आहे की ज्याचा उगम आजवर कोणालाच नीट लावता आलेला नाही. तेव्हा एखाद्या अक्षराचा अर्थ कुठेच मिळेना तर स्वतःला दोष देऊ नका, कदाचित अर्थ नसेलच.

पायरी चौथी: कोश वाचायचे कसे

कोश म्हटलं की लोक लगेच अर्थ बघायला धावतात. थांबा, आधी छोटे शिक्के बघा. खांगशीसारख्या कोशात नोंदीत काही ठरलेले शब्द येतात, तेवढे ओळखू आले की बाकीची चिनी नाही आली तरी काम चालतं. 'थोंग' म्हणजे अमक्यासारखंच, झालं, तुमचं अक्षर रूपभेद निघालं, त्या दुसऱ्या अक्षराकडे जा. 'कू वन' म्हणजे प्राचीन रूप. 'सू' म्हणजे लोकांनी वापरून रूढ केलेलं, पंडितांना नावडतं. 'अ' असा काहीसा उच्चार असलेला शब्द म्हणजे चुकीचं रूप, ध चा मा. आणि 'अर्थ अज्ञात' असं सरळ लिहिलेल्या नोंदीही आहेत, खांगशीच्या शेवटच्या पुरवणीत असली बेवारस अक्षरं एकत्र ठेवलीत, मला ते फार प्रामाणिक वाटतं.

उच्चार कसा देतात तेही गमतीचं आहे. तेव्हा रोमन लिपी वगैरे काही नव्हती, म्हणून दोन ओळखीची अक्षरं द्यायचे, पहिल्याचं सुरुवातीचं व्यंजन घ्या आणि दुसऱ्याचा उरलेला स्वर घ्या, जोडा. समजा 'कप' आणि 'मीठ' दिले तर क आणि ईठ, 'कीठ'. पण हे उच्चार हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या भाषेतले, आजच्या मँडरिनने जोडाल तर बऱ्याचदा फसाल.

इंटरनेटवरच्या अर्थांपासून तर चार हात लांबच राहा. एक अक्षर आहे, 'मेई', मनुका जातीच्या झाडाचं, मेई फुलाचं जुनं रूप. दिसायला मात्र 'बावळट' हे अक्षर शेजारी शेजारी दोनदा काढल्यासारखं. झालं, चिनी पोरांनी त्याचा अर्थ डबल बावळट असा करून टाकला. तसंच 'च्योंग' म्हणून एक, मूळ अर्थ खिडकीतला उजेड, पण दिसतं पडलेल्या भुवया आणि उघड्या तोंडाच्या चेहऱ्यासारखं, २००८ च्या आसपास ते ऑनलाइन 'अरे देवा, काय ही फजिती' या अर्थाने सगळीकडे झालं. दोन्ही अर्थ खरेच आहेत, फक्त कुठला कुठल्या काळातला ते वहीत लिहून ठेवा.

आपल्याकडचा एक धागा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनीत जाताना मंत्रांचे उच्चार लिहायला अक्षरंच पुरेनात. मग त्यांनी युक्ती केली, जवळचा उच्चार असलेल्या अक्षराच्या डावीकडे छोटं 'तोंड' लावायचं, म्हणजे अर्थ बघू नका, फक्त तोंडाने म्हणा. 'ॐ मणि पद्मे हूँ' मधला शेवटचा हूँ म्हणजे तोंड आणि शेजारी बैल! 'राक्षस' या अर्थाने आज सर्रास वापरतात ते 'मो' अक्षर बुद्धाला छळणाऱ्या 'मार' साठी घडवलेलं, आणि आपलं स्वस्तिक तर चक्क अक्षर म्हणूनच बसलं, उच्चार 'वान', दहा हजार. तो उच्चार ठरवला ६९३ ला, कोणी, तर त्याच वू झेतियानबाईंनी.

पायरी पाचवी: जुन्या लिप्यांत एकेक पायरी खाली उतरा

उडी मारायची नाही. आजच्या वळणाला खायशू म्हणतात. त्याच्या आधी हान काळातली कारकुनी लिपी, लीशू. त्याच्या आधी शिक्क्यांवरची गोलाईदार लिपी, श्याओच्वान, जी इ.स.पू. २२१ ला छिन राज्याने सगळा चीन एक केल्यावर सगळीकडे लागू झाली. त्याच्या आधी काशाच्या भांड्यांवरची, आणि सगळ्यात खाली शांग राजांच्या काळातली हाडांवरची, आजपासून तीन हजार वर्षांहून जुनी.

प्रत्येक लिपीचा चेहरा तिच्या सामानाने ठरलाय. कासवाच्या कवचावर आणि बैलाच्या खांद्याच्या हाडावर टोकदार हत्याराने कोरायचं, मग गोल कसा निघणार, म्हणून सूर्यसुद्धा चौकोनी. काशाचं भांडं ओतायचं तर आधी ओल्या मातीच्या साच्यात अक्षर, तिथे जाड, गोलसर, मऊ रेघा. आणि सगळ्यात मोठी मोडतोड झाली ती शिक्क्यांच्या लिपीतून कारकुनी लिपीत येताना. सरकारी कारकून, ढीगभर बांबूच्या पट्ट्या, घाई, कुंचला. गोलाया सरळ झाल्या, वेगवेगळे भाग एकसारखे झाले, एकच भाग जागेप्रमाणे वेगळा झाला. म्हणून आजच्या अक्षराकडे बघून मूळ चित्राचा अंदाजपंचे तर्क करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

बघा, 'धूळ'. शिक्क्यांच्या जुन्या रूपात तीन हरणं आणि माती, कळप उधळला आणि धुरळा उडाला. नंतर दोन हरणं गळाली, एक हरीण आणि माती उरली. आजच्या सोप्या चिनीत तेही हरीण गेलं, 'लहान' आणि 'माती'. आपण गोरज म्हणतो तेव्हा गायी अजून शब्दात आहेत, त्यांची हरणं मात्र पळाली.

'पूर्व' या अक्षराची तर मला चीडच आहे. प्रत्येक यूट्यूबवाला सांगतो, झाडामागून उगवणारा सूर्य, किती सुंदर. हे आलं शू शनच्या श्वोवन नावाच्या कोशातून, इ.स. १०० मध्ये लिहून पूर्ण, ९,३५३ अक्षरं, ५४० मूलखुणा, या विषयातला आद्य ग्रंथ. पण हाडांवरचं रूप बघितलं तर ती दोन्ही टोकांना बांधलेली गोणी आहे! गोणीचा उच्चार 'पूर्व' या शब्दाच्या जवळ होता म्हणून उसना घेतला, बास. 'करणे' या अर्थाच्या 'वेई'बद्दल शू शन म्हणतो हे माकड आहे. हाडांवर स्पष्ट दिसतं की वर हात आहे आणि खाली हत्ती, सोंडेसकट, म्हणजे हत्तीला कामाला लावणं. शू शनची चूक नाही हो, ती हाडं त्याच्या आधी हजारेक वर्षं जमिनीत गाडली गेली होती. आणि हत्ती कुठून आले म्हणाल तर शांग काळात त्या भागात हवा उबदार होती, ही हाडं जिथे निघाली त्या आनयांगच्या उत्खननात हत्तीचे सांगाडे निघालेत, आणि ज्या हनान प्रांतात आनयांग येतं त्याचं एकाक्षरी नाव 'यू', गाड्यांच्या नंबर प्लेटवर असतं ते, त्याच्या उजव्या बाजूला आजही हत्ती आहे.

ही हाडं आधी 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधाच्या दुकानात विकली जायची, लोक कुटून खायचे. १८९९ ला वांग यीरोंग नावाच्या विद्वान अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की यावर तर लिहिलंय. आजवर दीडेक लाख तुकडे निघालेत, वेगवेगळी अक्षरं साडेचार हजारांच्या आसपास, आणि त्यातली जेमतेम एक तृतीयांश नीट वाचता येतात. आनयांगच्या अक्षर संग्रहालयाने २०१६ ला जाहीर केलं की न वाचलेलं एक अक्षर पुराव्यासकट वाचून दाखवा, एक लाख युआन घ्या. नवीन लोक हे ऐकलं की लगेच कामाला लागतात, लागा, पण आधी पुढचं वाचा.

प्रत्येक भागाची गोष्ट रचू नका. ऐंशी टक्क्यांहून जास्त अक्षरं अशी आहेत की एक भाग अर्थाचा इशारा देतो आणि दुसरा निव्वळ उच्चार सांगतो. उच्चारवाल्या भागात काव्य शोधणं म्हणजे 'बटाटा' मध्ये बट आणि आटा शोधणं.

आता वाटी

तर माझी वाटी. हे सगळं माहीत झाल्यावर परत पालथी घातली, यावेळी सुलटी धरून. तीन उभ्या रांगा, प्रत्येकीत दोन अक्षरं, उजवीकडून डावीकडे आणि वरून खाली वाचायचं. उजवी रांग, वरचं: हातपाय पसरलेला माणूस. हे 'दा', मोठा, शिक्क्याच्या वळणात थोडं अवघडलेलं पण ओळखता येतं. खालचं: डावीकडे वाहत्या पाण्याच्या नागमोडी रेघा. आजच्या वळणात पाण्याचे तीन ठिपके होतात म्हणून मला तेव्हा दिसलं नव्हतं. पाणी अधिक उजवीकडचा भाग, 'छिंग'. मोठं छिंग, म्हणजे राजघराणं.

आता डावीकडच्या रांगेतलं वरचं. इथे मी अडले होते. वर कणसाच्या भाराने वाकलेलं धान्याचं रोप, खाली काहीतरी माणसासारखं. धान्य अधिक 'हजार' असं कोशात शोधलं, मिळालं, आणि कोशातल्या नोंदीत शिक्का होता 'थोंग', म्हणजे हे दुसऱ्याचंच रूप. कोणाचं? 'न्येन' चं. वर्ष! पहिल्या आठवड्यात शिकवतात ते अक्षर. हाडांवर बघितलं तर माणूस पाठीवर धान्य घेऊन निघालाय, म्हणजे पीक घरात आलं, म्हणजे एक वर्ष. नंतर त्या माणसाला एक रेघ चिकटून त्याचा 'हजार' झाला, कारण उच्चार जवळचा, आणि कारकुनांच्या हातून घासून घासून आजच्या वळणात धान्यही दिसत नाही आणि माणूसही. आपण वर्ष पावसावरून मोजलं, 'वर्षा' वरून 'वर्ष', त्यांनी सुगीवरून. मी त्या रात्री वाटी हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

त्याच्या खालचं शेवटचं अक्षर, 'झ्र' सारखा उच्चार, बनवणे. खालच्या भागात झग्याच्या गळ्यासारखी आकृती, कापड आहे ते, मूळ अर्थ कपडा बेतणे. आजच्या सोप्या चिनीत कापड काढून टाकलंय, म्हणून फक्त सोपी चिनी येणाऱ्याला इथे दाणकन ठेच लागते. मधली दोन अक्षरं सम्राटाचं नाव, च्येनलोंग, ती मी सरळ अशा शिक्क्यांच्या यादीशी ताडून घेतली, सगळं स्वतः सोडवायलाच हवं असं कोणी सांगितलंय. पूर्ण वाक्य: महान छिंगच्या च्येनलोंग काळात बनवलेलं.

आनंदाने उड्या मारायच्या आधी ऐका, हा शिक्का म्हणजे तारीख नाही. च्येनलोंगची कारकीर्द १७३६ ते १७९५ पण त्याच्या नावाचा शिक्का नंतरच्या लोकांनी मनसोक्त वापरला, विसाव्या शतकातही. माझी वाटी त्यातलीच असणार, भावावरूनच कळतंय.

तुमच्याकडे असं काही असेल आणि जाणकारांना फोटो पाठवायचा असेल तर फक्त अक्षराचा क्लोजअप पाठवू नका, अख्खी वस्तू, मग शिक्का, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. उजेड एका बाजूने तिरका घ्या, कोरीव असेल तर रेघा उठून दिसतात. खडू चोळू नका, व्हिनेगरने तर अजिबात घासू नका. आणि वरची बाजू कुठली ते माहीत नसेल तर चारही बाजूंनी फिरवून चार फोटो टाका, म्हणजे माझ्यासारखं दरवाजा दरवाजा शेत होणार नाही.